पायऱ्या सापडत नाहीत

१

सोमवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना 'पायऱ्या' नाहीशा झाल्याचं उघडकीला आलं.

इमारतीच्या पायऱ्या नव्हेत. त्या जागच्या जागी होत्या, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे अक्का त्याच तीन मजले चढून, प्रत्येक वळणावर गुडघ्याला एकेक शिवी देत, नुकत्याच वर पोचल्या होत्या. खाली लिफ्टच्या दारावर कागद लावलेला होता: 'लिफ्ट नादुरुस्त आहे. कृपया पायर्या वापराव्यात.' ते 'पायर्या' वाचून अक्कांच्या कपाळाला आठी पडली होती. शब्दांचं यंत्र बनवणारं ऑफिस, आणि त्याच्या दारात हे असलं शुद्धलेखन! पण वर पोचेपर्यंत दम इतका लागला की आठी आपोआप गळून पडली.

ऑफिस छोटंसं. आजारपणात ज्यांचा आवाज गेला त्यांच्यासाठी तिथे एक बोलका डबा बनवत. डब्याच्या काचेवरच्या शब्दाला बोट लावलं की डबा तो शब्द मोठ्याने म्हणायचा. असे चारशे बारा शब्द, आणि प्रत्येकाची आवाजाची वेगळी फाईल. एका यादीत सगळ्यांची नावं लिहिलेली. अक्कांनी टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक कमांड दिली की ती यादी वाचून एकेक फाईल उचलली जायची आणि सगळं मिळून डब्याचा एक प्रोग्राम तयार व्हायचा. याला सगळे 'बिल्ड' म्हणत. बिल्ड झालं नाही की अक्कांना हाक मारत. बावीस वर्षं मारत आले होते, आणि त्या हाकेचा आता अक्कांना मनापासून कंटाळा आला होता.

पडद्यावर एकच ओळ होती.

'फाईल सापडली नाही: पायऱ्या.'

अक्कांनी फोल्डर उघडलं. 'पायऱ्या' तिथेच होती. अगदी वर, डोळ्यांत भरेल अशी. त्यांनी ती वाजवली. "पायऱ्या," एका बाईचा शांत आवाज म्हणाला.

"समोर आहे, वाजतेय, आणि मशीन म्हणतं नाही," अक्का पुटपुटल्या. "माझं वय झालं की याचं?"

मागून साहेबांचा आवाज आला. साहेब म्हणजे ऑफिसचे सर्वेसर्वा. टापटिपीचे इतके भोक्ते की दुसऱ्याच्या टेबलावरचं पेनसुद्धा जाता जाता सरळ करत.

"शुक्रवारी चारला बिल्ड झालं होतं ना?"

"झालं होतं. एकही एरर नव्हता."

"म्हणजे मधल्या दोन दिवसांत कोणीतरी हात मारलाय," साहेब म्हणाले, "आणि तो हात कोणाचा, ते मला माहीत आहे."

त्यांनी हातातला बंद लिफाफा अक्कांच्या टेबलावर ठेवला. वर काकूंचं नाव होतं.

२

काकू त्या ऑफिसात टायपिंग करायच्या. यादी त्यांनीच टाईप केलेली. आणि ज्या शांत आवाजाने मघाशी 'पायऱ्या' म्हटलं, तो आवाजही त्यांचाच. भारी मानधनाचे आवाज ऐकून ऐकून सगळे वैतागले होते, तेव्हा एकदा काकू सहज यादी मोठ्याने वाचत होत्या, आणि सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. शब्द आता रेकॉर्ड झाले, यादी संपली, तेव्हा काकूंचं कामही या महिनाअखेर संपणार होतं. बाई जाणार होत्या, आवाज राहणार होता.

"शुक्रवारी मी त्यांना ते सांगितलं," साहेब केबिनचं दार लावून म्हणाले. "त्या म्हणाल्या, 'निदान चार शब्द बरे बोलून तरी सांगायचं.' तोंडाला तोंड दिलं मला. आणि शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, ऑफिसात हजर! कशाला? सांगा."

"सामान न्यायला असेल."

"अक्का, तुम्ही भोळ्या आहात." बावीस वर्षांत अक्कांना हे कोणी म्हटलं नव्हतं. "यादीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही. मी तर नाहीच नाही. तसं बघायला गेलं तर त्यांचं कामही यथातथाच. अक्षरांखाली उगाच टिंबं पाडून ठेवतात. शुद्धलेखनाच्या नावाने बोंब."

"लिफाफ्यात काय आहे?"

"मुद्दाम काम बिघडवल्याबद्दल कामावरून कमी करण्याचं पत्र. चारला गाडी येणार डबे न्यायला. उद्या सकाळी इस्पितळात बारा माणसं वाट बघतायत. चारच्या आत तुम्ही दुसरं कारण दाखवलंत तर ठीक, नाहीतर मी पत्र देणार."

अक्कांना पुढचं सगळं दिसलं. काकूंचं वय पन्नाशीच्या पुढचं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. 'मुद्दाम बिघडवलं' असा शेरा हातात घेऊन ही बाई कोणत्या दारात उभी राहणार? काम जाणं वेगळं, आणि नाव जाणं वेगळं.

त्या जागेवर आल्या आणि नेहमीचे उपाय करू लागल्या. जुन्या बिल्डचं उरलंसुरलं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून चालवलं. तेच. मशीन बंद करून चालू केलं. तेच. फोल्डरचा पत्ता तपासला, फाईल उघडायची परवानगी तपासली. सगळं जागेवर. शेवटी वैतागून त्यांनी यादीची वेगळी नक्कल केली, तिच्यातून 'पायऱ्या' हा शब्दच काढला आणि त्या नकलेवर कमांड दिली.

बिल्ड पुढे सरकलं. अक्का हुश्श करणार, तोच थांबलं.

'फाईल सापडली नाही: सुऱ्या.'

३

काकू खिडकीजवळ आपला ड्रॉवर रिकामा करत होत्या. डोळे लाल होते, पण हात स्थिर होते.

"मला कळलंय सगळं," त्या म्हणाल्या. "साहेबांचा आवाज दाराबाहेर जातो. तुम्हाला विचारायचं असेल ते विचारा, अक्का."

"शनिवारी आला होतात?"

"आले होते. माझी पुस्तकं होती, चष्मा होता. साडेअकराला गेले."

"यादी उघडलीत?"

काकूंनी मान वर केली. "उघडली. एकदा वाचली सगळी. मोठ्याने. आता परत कधी वाचणार, म्हणून."

अक्कांना वाटलं, ही बाई खोटं बोलत असेल तर आपण आजच घरी बसावं. पण असं वाटणं कोणाला दाखवता येत नाही, आणि साहेबांना तर नाहीच नाही. खोटं न बोलणाऱ्या माणसाकडून चूक होऊ शकते, ही भीतीही होतीच. काकूंनी वाचता वाचता नकळत काही पुसलं असेल तर? तसं निघालं तर ते आपल्यालाच साहेबांना सांगावं लागणार, या विचाराने अक्कांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

दुसरा माणूस होता कान. रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या त्या तरुणाला सगळे कान म्हणत, कारण तो कायम कानांवर हेडफोन चढवून असायचा आणि हाक मारली की ओ द्यायचा नाही. अक्कांनी त्याचे हेडफोन उचलून बाजूला ठेवले.

"'पायऱ्या'च्या फाईलवर तारीख शनिवारची आहे. सकाळी दहा पन्नास. तू आला होतास?"

कान पांढराफटक पडला. "अक्का, साहेबांना सांगू नका."

"काय केलंस?"

"त्या शब्दात शेवटी काकू खोकल्या होत्या. अगदी बारीक. मी मागे ऐकलाच नव्हता. शनिवारी गुपचूप येऊन कापला. म्हटलं उद्या कोणा आजारी माणसाने 'पायऱ्या' म्हटलं आणि डबा खोकला, तर माझी पार शोभा."

"नाव बदललंस?"

"छे! नावं मी कधीच टाईप करत नाही. काकूंच्या यादीतून कॉपी करून तशीच चिकटवतो. मला कुठलं येतंय शुद्धलेखन! आणि खोकला कापून बारापर्यंत मी बाहेर."

"'सुऱ्या' पण कापलीस?"

"सुऱ्या? नाही. तिला कशाला हात लावू?"

म्हणजे खोकला निर्दोष सुटला. ज्या फाईलला कोणी शिवलंही नाही तीसुद्धा सापडत नव्हती. बिघाड फाईलमध्ये नव्हताच. अक्कांनी मूळ यादीची तारीख बघितली. यादी शेवटची बदलली होती शनिवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. कोणी बदलली, ते लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये असलं नाव राहत नाही.

अक्का गुडघ्याची समजूत घालत तीन मजले उतरल्या आणि वॉचमनची वही मागितली. काकू बाहेर, साडेअकरा. कान बाहेर, बारा. त्यानंतर शनिवारच्या पानावर एकही सही नव्हती.

यादी बदलली तेव्हा वहीच्या हिशेबाने वर कोणीच नव्हतं.

४

अक्का वही हातात घेऊन उभ्या असतानाच फोन वाजला. त्यांचे हे.

"अगं, किल्ली लागत नाहीये," ते म्हणाले. "दूध आणायला गेलो होतो. अर्धा तास दारात उभा आहे. कोणीतरी कुलूप बिघडवलंय."

"कोणी नाही बिघडवलं. तुमच्या हातातली किल्ली कुठली?"

"आपलीच. पितळेची."

"दोन पितळेच्या आहेत. एक जुन्या कुलपाची. टाकून द्या म्हटलं होतं मी."

"दोन्ही सारख्याच तर दिसतात! डोळ्यांना काही फरक कळत नाही."

"डोळ्यांचं काय विचारता, दात मोजा."

पलीकडे पुटपुटत मोजणं. "सहा."

"आपल्या कुलपाच्या किल्लीला पाच आहेत. दुसरी कोटाच्या खिशात बघा."

दार उघडल्याचा आवाज फोनमधूनही आला. "तू घरी असतीस तर अर्धा तास वाचला असता," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. अक्का मात्र फोन कानालाच धरून राहिल्या. सारख्या दिसणाऱ्या दोन किल्ल्या. डोळ्यांना फरक नाही. कुलपाला आहे.

त्यांनी खिशातला कागद काढला. वर एकेक शब्द काढून बिल्ड पुढे ढकलताना जे जे शब्द अडले, ते त्यांनी पेनने लिहून घेतले होते. पायऱ्या, सुऱ्या, कोपऱ्यात, दुसऱ्या, बऱ्या, खऱ्या. वाचताना काही कळलं नव्हतं. पण आता तेच शब्द पुन्हा त्या कागदाच्या पाठीवर लिहायला घेतले, तेव्हा हाताला कळलं. प्रत्येक शब्दात पेन एकाच जागी एकच वळण घेत होतं. तो आडवा, पापणीसारखा अर्धा र.

अक्कांनी मान वर केली. समोर लिफ्टच्या दारावरचा कागद. 'कृपया पायर्या वापराव्यात.'

"लिफ्ट कधी बंद पडली?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"शनिवारी दुपारी. पाऊण वाजता."

"मग हा कागद कोणी लावला?"

वॉचमनने सांगितलं. "पण त्यांची सही नाही वहीत," अक्का म्हणाल्या.

"त्यांची सही कोण घेणार, बाई?" वॉचमन हसला. "मला नोकरी करायचीये."

अक्का तिथेच पहिल्या पायरीवर बसल्या. घड्याळात तीन वाजले होते.

५

वर येऊन त्यांनी मशीनला एकच साधं काम सांगितलं: अक्षरं मोज. फाईलच्या नावातल्या 'पायऱ्या'ची अक्षरं, आणि यादीतल्या 'पायऱ्या'ची अक्षरं, काना आणि पाय मोडायची खूण धरून.

फाईल: सात.

यादी: आठ.

आठवं कुठे होतं ते पडद्यावर दिसत नव्हतं. पण ते होतं.

अक्कांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता थकवा. कारण सापडलं होतं, आता ते कोणाच्या तरी तोंडावर सांगायचं होतं, आणि तो माणूस पत्रावर सही करून बसला होता. त्यांनी टेबलावरचा लिफाफा उचलला, काकूंना आणि कानाला बरोबर घेतलं आणि केबिनचं दार वाजवलं.

"सापडला हात?" साहेबांनी विचारलं.

"सापडला. आधी हे पत्र उघडा, आणि दुसरी ओळ वाचून दाखवा."

"आता? यांच्यासमोर?"

"यांचंच आहे."

साहेबांनी लिफाफा फोडला, चष्मा लावला. "'आपण दुसऱ्या कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणण्याच्या हेतूने...'"

"असं नाही. कागदावर छापलंय तसं वाचा."

साहेब पुन्हा वाचू लागले आणि अडखळले. "दुस... दुसर्या... कर्मचार्यांच्या..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हा प्रिंटर! मी बरोबर लिहिलं होतं. पडद्यावर बरोबर दिसत होतं."

"दिसत होतं, खरंय," अक्का खुर्चीत बसत म्हणाल्या. "हा अर्धा र कॉम्प्युटरवर लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. काकू लिहितात त्या तऱ्हेत त्याच्यासाठी वेगळंच अक्षर असतं. दुसरी तऱ्हा जुनी. साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मग पापणी यावी म्हणून एक न दिसणारं अक्षर घालायचं. डोळ्याला दोन्ही सारखंच. मशीनला मात्र दोन वेगळे शब्द. आणि तुमचा जुना प्रिंटर ते न दिसणारं अक्षर गिळतो, म्हणून पापणीचा रफार होतो. खाली लिफ्टवर 'पायर्या' झालंय, इथे 'दुसर्या' झालंय. या ऑफिसात जुन्या तऱ्हेने लिहिणारा माणूस एकच आहे."

साहेबांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"काकूंच्या अक्षरांखाली टिंबं असतात, असं तुम्ही सकाळी म्हणालात," अक्का पुढे म्हणाल्या. "इतर कोणाला ती कधी दिसली नाहीत. मलाही नाही. तुमच्या मशीनवर जुने फॉन्ट आहेत, तिथे काकूंचा तो र टिंबासकट दिसतो. तुम्हाला वाटलं, चूक. शनिवारी बारा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही वर होतात. वहीत सही नाही, पण पाऊण वाजता लिफ्ट बंद पडली तेव्हा कागद तुम्हीच छापलात आणि लावलात. वॉचमनने पाहिलंय."

"पण मी यादीला हात लावला नाही!" साहेब खरोखर कळवळून म्हणाले. "मी फक्त टिंबं काढली. तेवढे शब्द पुन्हा नीट टाईप केले. उद्या बाहेरची माणसं बघणार म्हणून. त्याला काय हात लावणं म्हणतात?"

अक्कांना पटलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये. दुसऱ्याचं पेन सरळ करतानाही त्यांना आपण हात लावला असं वाटत नसे.

"मशीन म्हणतं तसं," अक्का म्हणाल्या.

६

काकूंनी आपल्या जागेवर बसून ते शब्द पुन्हा आपल्या तऱ्हेने लिहिले. एकूण चौदा निघाले. अक्कांनी कमांड दिली. काळ्या पडद्यावर ओळी सरसर वर जाऊ लागल्या. पायऱ्यांपाशी अक्कांनी श्वास रोखला. पडदा न थांबता पुढे गेला. सुऱ्या, कोपऱ्यात, दुसऱ्या. शेवटी आकडा आला: चारशे बारापैकी चारशे बारा.

कानाने पहिला डबा हातात घेतला आणि काचेवर बोट टेकवलं.

"पायऱ्या," काकूंच्या आवाजात डबा म्हणाला. खोकल्याशिवाय.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. चारला दहा कमी असताना गाडी आली. बारा डबे तीन मजले खाली न्यायचे होते. साहेबांनी न सांगता दोन उचलले.

ते परत वर आले तेव्हा धापा टाकत होते. पत्र अजून टेबलावर पडलं होतं. त्यांनी ते उचललं, काकूंकडे बघितलं, पुन्हा पत्राकडे बघितलं. क्षमा मागायचा सराव नसलेल्या माणसाची जी पंचाईत होते ती त्यांची झाली होती.

"काकू," ते शेवटी म्हणाले, "याचं आता काय करू? तुम्हीच सांगा."

"इकडे द्या."

काकूंनी पत्र टेबलावर सपाट केलं, ड्रॉवरमधून आधीच पिशवीत गेलेलं लाल पेन शोधून काढलं, चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. 'दुसर्या'वरचा रफार खोडला आणि शेजारी नीट, वळणदार पापणी काढली. मग 'कर्मचार्यांच्या'. मग खाली, 'आपल्या खर्या हेतूबद्दल' असं होतं तिथे. घाई केली नाही. पूर्ण पान झालं तेव्हा सात लाल पापण्या होत्या. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत वाचून पाहिलं, मोठ्याने नाही, आणि कागद साहेबांच्या हातात दिला.

"आता शुद्ध आहे," त्या म्हणाल्या. "आता फाडा."